आयडेलाचा ठराव

ऑरिन बॅचेल्डर आमच्या ईस्ट हार्लो गावाचा सभापती होता, आणि सभापती म्हणून तो इतका चोख होता की बायकोला त्याच्याबरोबर संसार करणं म्हणजे शिक्षाच होती. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही. त्याच्या तोंडावरही अनेकदा बोलले आहे.

अमेरिकेतल्या आमच्या व्हरमाँट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. रस्ते, शाळा, बर्फ सारायचं यंत्र, सगळं त्या दिवशी हात वर करून ठरतं. सभापतीने हातोडा आपटायचा, ज्याची पाळी असेल त्याला बोलू द्यायचं आणि स्वतःचं मत गिळून टाकायचं. बोलायचंच असेल तर हातोडा दुसऱ्याच्या हाती देऊन खाली उतरायचं आणि तो ठराव निकालात निघेपर्यंत वर जायचं नाही. ऑरिन कधी उतरलाच नाही. बरं, सभा संपली तरी त्याचं सभापतिपण संपत नसे. सभेच्या जेवणाचे बीन्स मी शिजवते. एकदा त्याला विचारलं, "कसे झालेत?" तर म्हणतो, "लोक पुन्हा घेतायत." ताकास तूर लागू देईल तर शपथ.

त्याची बायको आयडेला माझी शेजारीण, मध्ये फक्त एक कुंपण. तिचा सगळा जीव बोलण्यात. त्यांचा एकुलता एक वेंडेल इटलीतल्या लढाईत गेला, तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली, देवाला नाही नाही ते बोलली. ऑरिन परसात लाकडं फोडत राहिला. पुढे त्याने मुलाचं नाव म्हणून घेतलं नाही.

"थेल्मा," ती मला म्हणायची, "माझ्याशी भांडला तरी चालेल गं मला. पण काहीतरी बोलू दे. वेंडेल काय माझ्या एकटीचा होता?"

लढाई संपल्यावर शहरांतून एक नवीन हवा सुटली होती, साऱ्या जगाचं मिळून एकच सरकार हवं, म्हणजे पुन्हा लढाई व्हायला नको. चर्चच्या हॉलमध्ये एक जण त्यावर भाषण द्यायला आला. आयडेला ऐकून आली ती पेटूनच. बर्फातून घरोघर हिंडून तिने सह्या जमवल्या आणि 'जगाचं एकच सरकार असावं अशी या गावाची इच्छा आहे' असा ठराव गावसभेत लावून घेतला. मीही सही केली. जगासाठी नाही, तिच्यासाठी.

"आता त्याला बोलावंच लागेल," ती म्हणाली. "हो म्हणू दे, नाहीतर नाही म्हणू दे."

"तो म्हणेल, पुढचा विषय घ्या," मी म्हटलं.

सभेत आधी रस्त्यावरच्या खड्ड्यांनी सकाळ खाल्ली. मग आयडेला उभी राहिली. ती म्हणाली, "लाइलच्या गाईने शेजाऱ्याचा मका खाल्ला तर आपण एकमेकांवर बंदुका काढत नाही. इथे येऊन भांडतो आणि हातोडा पडला की गप्प बसतो. मग देशांना असं एखादं सभागृह का नको? ते असतं तर कितीतरी घरांतली मुलं आज घरी असती."

लाइल कटिंग उठला. जीभ तिखट, मनाने वाईट नाही. "आपला पूल वसंतात वाहून गेला तेव्हा राज्याच्या राजधानीतून माणूस यायला पानगळ उजाडली," तो म्हणाला. "राजधानी इथे हाकेवर आहे. आता हे जगाचं सरकार बसणार कुठे? तिथून आपला पूल दिसेल का? आणि सभापती कोण? ऑरिनलाच पाठवा. कुणाच्या बाजूचा आहे ते जगाला जन्मात कळायचं नाही."

सगळे हसले.

"मलाही नाही कळलं अजून," आयडेला म्हणाली, आणि हसणं थांबलं.

ऑरिनने हातोड्याकडे पाहिलं. मग तो लाइलच्या हाती दिला आणि पायऱ्या उतरून खाली आला. गावाने त्याला सभेत असं खाली उभं राहिलेलं पाहिलंच नव्हतं.

"मी विरोधात आहे," तो म्हणाला. "आपली सभा चालते, कारण इथे हरलेला माणूस जेवायला थांबतो. थेल्माचे बीन्स बेताचेच असतात, तरी थांबतो. जगाच्या सभेत हरलेला देश कुठे जेवेल? तो घरी जाऊन बंदूक काढेल. मग ते सरकार त्याच्यावर फौज धाडेल. आणि त्या फौजेत कुणाचा तरी वेंडेल असेलच."

ते नाव त्याच्या तोंडून निघालं. त्याने समोरच्या बाकाची पाठ धरली. "वेंडेल असता तर आईच्या बाजूने हात वर केला असता त्याने," तो म्हणाला. "त्याला तिचंच सगळं पटायचं. मला तो रोज आठवतो."

मग तो तिच्याशेजारी बसला. तिने त्याचा हात घट्ट धरला. ठराव मताला आला तेव्हा तिने मोकळा हात बाजूने वर केला आणि त्याने मोकळा हात विरोधात. ठराव सपशेल आपटला.

जेवताना मी तिला म्हटलं, "हरलीस की गं."

"हो ना," ती म्हणाली आणि पुन्हा बीन्स मागितले. तिला इतकं सुखात मी लढाईनंतर पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने तोच ठराव पुन्हा आणला. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वेळी ऑरिन हातोडा देऊन खाली उतरायचा. तयारी वर्षभर चालायची, आणि उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की आम्हाला फुकट ऐकायला मिळायची.

"तुझं ते जागतिक न्यायालय म्हणजे दुरून डोंगर साजरे."

"आणि तुझे हे शंभर देश म्हणजे शंभर कोंबडे एका खुराड्यात."

"कोंबडे निदान आपापलं आरवतात. तुला सगळ्यांचा मिळून एकच हवाय."

मधूनच वेंडेल यायचा. तो लहानपणी असं म्हणायचा, त्याला हे आवडलं असतं, नसतं. भांडता भांडता दोघांनी त्याला घरी आणलं होतं. ठरावाला मतं हळूहळू वाढत गेली, पण तो दर वर्षी पडतच राहिला.

मग एका पानगळीत ऑरिन गेला. अंगणात पानं ओढत होता, तिथेच.

त्या मार्चमध्ये सभापतीच्या खुर्चीत लाइल होता. आयडेलाने ठराव मांडला, बाजूने बोलली, बसली. लाइलने विचारलं, "विरोधात कुणी?"

कुणी उठलं नाही. दर वर्षी हट्टाने विरोध करणारे बुटांकडे बघत होते. विधवेला कोण हरवणार? त्या क्षणी मत घेतलं असतं तर ईस्ट हार्लोने एकमुखाने जगाचं सरकार मागितलं असतं. तिला इतकी वर्षं हवं होतं ते तिच्या पदरात पडत होतं.

तिने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं. "कुणीच नाही?" ती म्हणाली, आणि उठली. "सभापतीसाहेब, मग मी बोलते."

"आयडेला, तू बाजूने बोललीस की."

"आता विरोधात बोलते. त्याची बाजू अशी अनाथ सोडायची का?"

आणि ती बोलली. हरलेल्या देशाच्या जेवणाचं, दूरच्या राजधानीचं, फौजेचं, सगळं त्याच्यासारखं थांबत थांबत. शेवटी म्हणाली, "एक मुद्दा तुम्ही ऐकलेला नाही. तो त्याने गेल्या उन्हाळ्यात काढला होता, यंदा माझ्यावर टाकायला. आज एखाद्या राजाने छळलं तर माणूस सरहद्द ओलांडून पळतो. जगात एकच राजा असेल आणि तोच वाईट निघाला, तर पळायचं कुठे? मी त्याला म्हटलं होतं, मार्चपर्यंत उत्तर शोधते. मला सापडलेलं नाही."

लाइलने मत घेतलं. बाजूने तिचा हात वर गेला, सोबत थोडे आणखी. आजवर मी दर वर्षी तिच्या बाजूने हात वर करत आले होते. त्या दिवशी तो मांडीवरच ठेवला.

"विरोधात?" लाइल म्हणाला.

मी हात वर केला. माझ्या मागे, पुढे, भिंतींच्या कडेने हात वर होत गेले. आयडेला वळून ते हात बघत राहिली.

"जिंकला गं तो," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.