नळाच्या वहीतली शालन

तुमच्या बापाच्या नावाची भाडेपावती तुम्ही शेवटची कधी हातात घेऊन वाचलीत? आणि रेशनकार्ड? घरात जेवणाऱ्या सगळ्यांची नावं त्यावर आहेत का? लगेच 'हो' म्हणू नका. विठ्ठलवाडीच्या शालनलाही वाटायचं की आपलं सगळं जागच्या जागी आहे.

शालनचे वडील कुंडलिकबाबा मोहन्याच्या बाजूला एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. चौदा खोल्यांच्या चाळीत नऊ नंबरची खोली, भाडं बावीस रुपये. बायको लवकर गेली. ही एकच पोर. एकोणऐंशी साली तिचं लग्न झालं, तेव्हा रीतसर रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलं. एक्याऐंशी साली ती एक पिशवी घेऊन परत आली. नवऱ्याने दुसरी घरात आणली होती. बाबांनी चहा टाकला. पण कार्डावर तिचं नाव पुन्हा चढवलं नाही. त्यांची शेजारीण म्हणून मी दोनदा टोकलं, तर म्हणाले, "मंजुळा, नाव चढवलं म्हणजे ती कायमची आली असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. जाईल ती, बघशील." सहा वर्षं त्या घरात एका माणसाच्या साखरेत दोन माणसांचा चहा झाला.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत बाबा दम्याने गेले.

पुण्यानुमोदनाला चाळीच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकलेल्या. वंदना झाली, दोघं-तिघं चांगलं बोलले. मग शालन उभी राहिली. "बाबांकडे कोणाचं काही येणं असेल तर आत्ता सांगा." आमच्या चाळीत ही पद्धत आहे. मुलगा विचारतो, लोक खाली बघतात, त्या दिवशी कोणी तोंड उघडत नाही. शालनने तिथेच ठाण मांडलं. "खाली बघू नका. मला उद्या दारोदार विचारत फिरायला लावू नका."

कारखान्यातले बाबांचे जोडीदार धोंडीबा हळूच बोलले, "दोन हजार. दवाखान्याला दिलेले. पण घाई नाही गं बाई."

किराणावाल्याचे नऊशे निघाले.

मागे उभा असलेला काळुराम याचीच वाट बघत होता. हा चाळीचे मालक त्र्यंबकशेठ यांचा वसुलीचा माणूस. तो पुढे आला, खिशातून स्टँपपेपर काढला. "पोरी, शेठना तुझी काळजी आहे. तीन हजार देतात. सगळं देणं आजच्या आज फिटेल. इथे सही कर आणि महिन्याभरात चावी दे. बाप उजळ तोंडाने जाऊ दे."

त्या खोलीला तेव्हा बाजारात तीस हजारांची पागडी होती. शालन कागद हातात घेऊन ओळ न ओळ वाचत होती. तिला सगळं सावकाश वाचायची सवय. मला ती सवय नाही. मी तिच्या हातून कागद ओढला, फाडला, चार तुकडे काळुरामच्या खिशात कोंबले. "शेठला सांग, मयताच्या सतरंजीवर धंदा करू नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं. काळुराम सरळ पोलीस स्टेशनला गेला आणि माझ्या नावावर एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, लागली, त्याचंही बरंच वाटलं.

पुढच्या महिन्यात शालन भाडं द्यायला गेली, तर काळुराम म्हणाला, "तू कोण?"

"दादा, तुम्ही मला रोज बघता."

"बघतो. पण पावती मेलेल्या माणसाच्या नावावर आहे आणि कार्डावर तुझं नाव नाही. पाहुणी आलेलीस, पाहुणचार झाला. जा आता."

भाडे कायद्यात साफ लिहिलंय की भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणारं घरचं माणूस भाडेकरू होतं. मी सातवी नापास. कल्याण कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांच्या बाकावर बसून, लोकांचे अर्ज वाचून हे शिकले. पण सोबत राहत होती हे दाखवायला कागद लागतो, आणि शालनकडे कागद नव्हता. मी तिला मनीऑर्डरने भाडं पाठवायला लावलं. दर महिन्याला मनीऑर्डर परत यायची, पोस्टमनचा शेरा असायचा: घेण्यास नकार. ती पावती शालन बिस्किटाच्या डब्यात ठेवायची.

देण्याबद्दल मी तिला बजावलं, "बाबांनी मागे काही ठेवलं असतं तर त्यातून वसुली झाली असती. काही ठेवलं नाही. कायद्याने तू एक पैसाही देणं लागत नाहीस. सांग जाऊन."

ती पेटीकोटला नाडी घालत होती. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यातून ती घरी करायचं काम आणायची. मान वर न करता म्हणाली, "कायदा असेल ताई. पण मला ह्याच नळावर पाणी भरायचंय, ह्याच दुकानात तेल घ्यायचंय."

"मग मर राबून."

"राबूनच जगते की."

रागाने मी पंधरा दिवस तिच्याकडे फिरकले नाही. ती मात्र दर महिन्याच्या सात तारखेला धोंडीबांच्या घरी जाऊन चाळीस रुपये ठेवायची, किराणावाल्याला पंचवीस द्यायची.

अठ्ठ्याऐंशीत शेठने दावा लावला. शालन म्हणे घुसखोर. दाव्याची नक्कल घेऊन मी पहाटेच तिच्याकडे गेले. ती वाचत वाचत थांबली. "ताई, तो स्टँपपेपर आठवतो? त्यात पहिल्याच ओळीत होतं, 'मयत यांचेसोबत राहणारी त्यांची मुलगी शालन.' खाली शेठची सही."

मालकाने स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा मी टाळ्यांसाठी फाडला होता. तिने दाव्याच्या कागदाची घडी घातली. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात चार नंबरच्या विमलाबाई दारातून म्हणाल्या, "मंजुळे, तोंड का पाडलंस? नळ येतोय, बादल्या लावायच्यात. शालनची पाळी माझ्यानंतर आहे."

शालनने माझ्याकडे बघितलं. मी शालनकडे.

चाळीला एकच नळ. पहाटे पाच ते आठ पाणी, प्रत्येक खोलीला बारा मिनिटं. पाण्याचं बिल शेठ भरायचे, म्हणून कोणी चोरून जास्त भरू नये यासाठी काळुराम स्वतः वही ठेवायचा. खोली नंबर, भरणाऱ्याचं नाव, वेळ. वही नळाशेजारी सुतळीने खिळ्याला टांगलेली. बाबांना दम्यामुळे बादल्या झेपत नव्हत्या. म्हणजे परत आल्यापासून रोज कोणाचं नाव लागलं असेल?

"पण जुन्या वह्या काळुरामने कधीच रद्दीत घातल्या असतील," मी म्हटलं.

"घालत होता," विमलाबाई म्हणाल्या. "मी उचलून आणल्या. चौऱ्याऐंशीत पाच नंबरवालीने माझी सात मिनिटं खाल्ली होती. तिचा हिशोब व्हायचाय अजून."

ट्रंकेतून पाच वह्या निघाल्या. पानापानावर काळुरामचं तिरकं अक्षर: खोली ९, शालन. दिवाळीत शालन. तापात शालन, कारण त्या दिवशी पुढे लिहिलेलं, 'आजारी, दहा मिनिटे उशीर.'

कोर्टात धोंडीबा साक्षीला आले, किराणावालाही आला. शेठच्या वकिलाने किराणावाल्याला छेडलं, "ही तुमच्याकडे बाकीदार. वसुलीसाठीच बोलताय ना?" तो म्हणाला, "साहेब, वसुलीच हवी असती तर ही रूम सोडून जाऊ दे म्हटलं असतं, शेठनी पैसे दिले असते. मागेच फिटलं असतं. मी पंचवीस-पंचवीस घेतोय." मी सांगितल्याप्रमाणे शालनने देणं नाकारलं असतं, तर हा माणूस कोर्टाची पायरी चढला नसता. हे मला कबूल करायला फार वेळ लागला.

मग काळुराम पिंजऱ्यात. आमच्या वकिलाने वही पुढे केली. "हे अक्षर कोणाचं?"

काळुरामने पानं उलटली. शेठकडे बघितलं, मग शालनकडे. "माझं."

"नऊ नंबरमध्ये पाणी कोण भरायचं?"

"हीच. कधी चुकली नाही. कुंडलिक तर खोकतच बसायचा." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तिच्याइतकी वेळ पाळणारं चाळीत कोणी नव्हतं."

एक्याण्णवच्या जूनमध्ये निकाल शालनच्या बाजूने लागला. शालनच्या नावाची पहिली पावती काळुरामनेच फाडून दिली, नाव शुद्ध लिहिलं. परत आलेल्या मनीऑर्डरींचं चार वर्षांचं भाडं तिने तिथल्या तिथे मोजून दिलं. तिने त्यातल्या एका रुपयालाही हात लावला नव्हता. धोंडीबांचे शेवटचे चाळीस रुपये तिने त्याच्या पुढच्या महिन्यात दिले. म्हातारा म्हणाला, "आता सात तारखेला येणार नाहीस होय?" ती अजून जाते. चहा पिऊन येते.

आज नळाची वही शालन लिहिते. काळुराम थकला, शेठने विचारलं, दुसरं कोण लिहील? ती वर्षाची वही भरली की तारखा घालून ट्रंकेत ठेवते. आणि चाळीत कोणाची मुलगी पिशवी घेऊन परत आली, की चहा झाल्यावर तिला आधी रेशन ऑफिसात नेते. अर्ज स्वतः लिहिते, सावकाश.

तुमच्या घरी अशी कोणी परत आली असेल, तर तिचं नाव कार्डावर चढवा. ती परत जाईल या आशेवर राहू नका. रेशन ऑफिस दहाला उघडतं. उद्याच जा.