खिडकीतली मुलगी

परवा दुपारी आत्याकडे टीव्हीवर एक माहितीपट लागला होता. ज्यांना कुणाविषयीच शरीराची ओढ वाटत नाही, अशा अलैंगिक माणसांवरचा. आम्ही दोघी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. पडद्यावरची मुलगी खिडकीत उभी होती आणि मागे उदास पियानो वाजत होता. मग डॉक्टर बोलले, मानसतज्ज्ञ बोलले आणि ती पुन्हा खिडकीत.

"अगं, हिला कुणी बसायला का सांगत नाही?" आत्या म्हणाली. "मघापासून उभीच आहे बिचारी."

मला हसू फुटलं. आत्यानं लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "भूकच नाही, तर पानावर कशाला बसायचं?" तरी घरच्यांनी तिचा प्रेमभंग शोधला, पत्रिकेतला मंगळ शोधला. कॅमेराही तेच शोधत होता, फक्त जरा चांगल्या उजेडात.

"या एकटेपणाचं काय?" निवेदकानं खोल आवाजात विचारलं. मी आत्याच्या खिडकीकडे पाहिलं. तिथं उभं राहायला जागाच नव्हती. लोणच्याची बरणी, कढीपत्त्याची कुंडी आणि चौकटीच्या खिळ्यांना अडकवलेल्या शेजारच्या पाच घरांच्या किल्ल्या.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरची मुलगी कॉलेजातून आली होती.

"आत्या, किल्ली!"

आत्या ओल्या हातांनीच उठली. "देते गं. आधी आत ये. आणि अशी उभी नको राहूस, बस."