कितीपैकी?

शाळेत गणित शिकवणाऱ्याने किस्से गोळा करू नयेत, ते आपोआप दप्तरात येऊन पडतात. मालवणजवळच्या कट्टा गावातल्या आमच्या स्टाफरूममध्ये तर डबा उघडला की लोणच्याआधी किस्सा बाहेर पडतो!

मी सापेक्ष वारंवारता शिकवतो. म्हणजे, एखादी गोष्ट एकूण कितीपैकी किती वेळा घडली. त्यामुळे कोणी काही सांगितलं की मी विचारतो, "कितीपैकी?" लोक वैतागतात, पण सवय जात नाही.

नववीला मी प्रयोग दिला. करवंटी उडवायची, उताणी किती वेळा पडते ते मांडायचं. एका मुलीची दर वेळी उताणीच!

"अगो, एकदाही पालथी नाही?"

"पडली मां, सर! पण ती धरूक नाय. ती चुकान पडली!"

इतिहासाचे परबसर नववी 'ब'चे वर्गशिक्षक. 'अ'पेक्षा त्यांच्या वर्गात नापास कमी, म्हणून हेडसरांनी त्यांना मालवणी खाज्याचा पुडा बक्षीस दिला. मी विचारलं, "कितीपैकी?" 'ब'मध्ये मुलंच 'अ'च्या निम्मी! हेडसरांचा चेहरा उतरला. परबसर शांतपणे म्हणाले, "म्हणान तर अर्धाच खाल्लंय!"

मग परबसरांच्या मिसेसना, आमच्याच शाळेतल्या स्मिताबाईंना, गाठ निघाली. सावंतवाडीचे डॉक्टर म्हणाले, "तपासायला पाठवू. अशा गाठी बहुतेक साध्याच असतात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मलाच विचारलं, "सर, बहुतेक म्हणजे कितीपैकी किती हो?"

माझाच प्रश्न, आणि मला तो पहिल्यांदाच नकोसा झाला. म्हटलं, "बाई, ते गणित सगळ्यांचं असतं. एकट्या माणसाचं नसतं."

रिपोर्ट येईपर्यंत स्टाफरूममध्ये कोणी धड जेवलं नाही. परबसर तर शाळा सुटली की थेट ग्रामदेवतेच्या देवळात.

रिपोर्ट आला. गाठ साधी! बाई हसता हसता रडल्या, हेडसरांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

परबसर मात्र ऐटीत. "माका ठावकच होता! गुरवाक सांगान देवाक कौल लावलो, मूर्तीक पाकळ्यो चिकटवन. उजवी पाकळी पडली, म्हणजे सगळा बरा!"

सवयीने माझ्या तोंडून गेलंच, "कितीपैकी?"

परबसर डोळे पुसून म्हणाले, "ता माका इचारू नको. उजवी पडापर्यंत गुरवाक घराक जावक दिलंय नाय!"