रफीक सरांची रांग

रफीक सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलो होतो. एक गाल साफ झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. फोन आमच्या कॉलेजचा शिपाई गजानन याचा. सकाळी दूध आणायला निघालेले सर घराच्या ओट्यावर जरा टेकले आणि तिथंच संपले, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं. मी उठलो. दुसरी बाजू राहिली, असं कारागीर मागून म्हणत होता, पण तोवर मी गाडीला किक मारली होती. दुपारच्या नमाजानंतर उमरखेडच्या कब्रस्तानात मी दुपट्ट्यानं अर्धं तोंड झाकून उभा होतो. लोकांना वाटलं, विलास सर रडून राह्यले. रडत होतोच, पण दुपट्टा त्यासाठी नव्हता. मनात येत होतं, हा माणूस आत्ता उठून बसला तर माझा गाल बारावीच्या वर्गाला दाखवेल आणि विचारेल, सांगा पोरांनो, अर्धवट तयार झालेल्या मालाचं मूल्यांकन कसं करायचं...

रफीक आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य आणि संगणक शिकवायचा. मी त्याच शाखेला मराठी शिकवतो आणि स्नेहसंमेलनात नाटकं बसवतो. आमची तुकडी विनाअनुदानित. ज्यांना हा शब्द भोगावा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : शिकवायचं पूर्ण, आणि पगार सरकारी अनुदान आल्यावर. अनुदान पुढच्या अधिवेशनात येणार असतं. अधिवेशन संपलं की त्याच्या पुढच्या अधिवेशनात येणार असतं. पदं एकेक करून मंजूर होतील, जो सगळ्यात जुना त्याचं आधी, असं संस्थेनं आम्हाला सांगून ठेवलेलं. त्यामुळे कुणी नोकरी सोडत नाही. सोडली की जुनेपण शून्य. माझं घर बायकोच्या जिल्हा परिषदेच्या नोकरीवर आणि थोड्या तुरीवर चालतं. रफीकचं घर त्याच्या मोठ्या भावाच्या मोटार गॅरेजवर आणि संध्याकाळच्या शिकवण्यांवर चालायचं. ज्येष्ठतेत तो पहिला, मी दुसरा. तो मला म्हणायचा, विलासभाऊ, तू माझ्या मागे उभा राहून माझ्या मरणाची वाट पाहून राह्यला. मी म्हणायचो, घाई नाही, पण मनावर घे. असल्या विनोदांवर आम्ही कित्येक वर्षं हसलो.

कॉलेजात संगणक होते. लॅबच्या दाराला कुलूप होतं. पोरांनी बिघडवले तर जबाबदार कोण, या एका प्रश्नानं ते सगळे संगणक प्लास्टिकच्या खोळी घालून आत कोंडलेले. रफीक दर जूनमध्ये नव्या वर्गाला खिडकीपाशी नेऊन काचेतून त्यांचं दर्शन घडवायचा, आणि मग मैदानात आणून म्हणायचा, आता आपण संगणक शिकू. पोरं हसायची. तो खरंच शिकवायचा. पोरांना कसंही उभं करून, उंचीप्रमाणं लागण्यासाठी शेजारच्या दोघांनीच जागा बदलायच्या असा नियम घालून, यंत्र याद्या कशा लावतं ते दाखवायचा. पुस्तपालनाच्या तासाला वर्गाच्या मधोमध खडूची रेघ. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. सौदा त्यानं सांगायचा, एकानं डावीकडे उडी मारली की दुसऱ्यानं उजवीकडे मारलीच पाहिजे. नाही मारली तर दोघांनाही बसता येणार नाही. धप धप आवाजानं खालच्या मजल्यावरचे इतिहासाचे सर वैतागायचे. पण ज्या पोरी नावे-जमाच्या नावानं रडायच्या त्या महिन्याभरात उड्या मारता मारता ताळेबंद जुळवायला लागायच्या.

मला तो हक्कानं वापरायचा. एकदा म्हणाला, यंत्र कसं असतं ते दाखवायचं आहे, यंत्राला अक्कल नसते, म्हणून तुले बोलावलं. मी यंत्र झालो. पोरांनी आधी फळ्यावर आज्ञा लिहायच्या, मग त्या मी शब्दशः पाळायच्या. सुरू झाल्यावर मध्येच ओरडून थांबवायचं नाही, जे सांगायचं ते आधीच लिहिलेलं पाहिजे, हा नियम. त्यांनी लिहिलं, दाराकडे वळा, सरळ चाला. कुठवर चाला ते लिहायचं राहिलं. मी आयुष्यात इतकी मनापासून भूमिका केलेली नाही. डोळे थिजवून, हात सरळ ठेवून, दारातून निघालो, मैदान ओलांडलं, फाटकातून बाहेर पडलो, पानठेल्यासमोरून गेलो आणि रस्ता संपला तो एस.टी. स्टँडवर. मागे सगळा वर्ग धावत, हसून हसून पोटं धरलेली. समोर नागपूरची गाडी दार उघडून उभी. मी चढलो. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं तर यंत्र काय बोलणार. शेवटी रफीक आला, माझ्या पाठीतला नसलेला प्लग उपटला आणि मी सीटवर कोसळलो. गाडीतल्या एका आजीनं मला पाणी दिलं. मी खाली उतरलो तरी रफीक मात्र पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा होता. आतल्या रिकाम्या सीटकडे पाहत म्हणाला, "थांबा म्हणून कोणी सांगतलं नाई, तर माणूस नागपूरपर्यंत जाते." मग त्याला आठवलं की प्राचार्य फाटकात उभे आहेत.

नागपूरचं बोलावणं त्याला खरंच आलं होतं. शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या तिथल्या एका संस्थेत त्याची जुनी विद्यार्थिनी काम करत होती. हे तुमचे खेळ इथल्या शिक्षकांना शिकवा, पक्की नोकरी, म्हणाली. रफीक मोहरून गेला. राजीनामा लिहिला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि आठवडाभर तो खिसा घेऊन हिंडला. त्याच आठवड्यात बातमी आली की आमची फाईल मंत्रालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकली. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी पेढे वाटले गेले, फाईल सरकल्याचे. रफीकनं पेढा खाल्ला. राजीनाम्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. शर्ट धुवायला गेला असावा.

त्यानंतरच त्यानं तो रांगेचा तास घेतला. वाणिज्यात एक गोष्ट शिकवतात, बुडीत खर्च. जे खर्चून झालं आणि परत येणार नाही, ते पुढचा निर्णय घेताना मोजायचं नाही. पुस्तकात चार ओळी. रफीकनं त्यासाठी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून गरम आलूबोंडे आणले, वर्गात एक टेबल टाकलं आणि पोरांना रांगेत उभं केलं. टेबलामागे कारकून म्हणून मी. माझं काम फक्त वेळ खाणं. मी चष्मा पुसला. रजिस्टर उलटं धरलं. एकीला आधारकार्ड मागितलं, दुसऱ्याला म्हणालो, साहेब चहाला गेलेत. पोरं कंटाळून एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकू लागली. मग रफीकनं खिडकीशी दुसरं टेबल लावलं, आलूबोंडे तिकडं नेले आणि जाहीर केलं की इथं लगेच मिळतील, पण नव्यानं रांग लावावी लागेल. मागची पोरं पळाली. पुढची हलली नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर मागचे लोक मिरची चावत आलूबोंडे खात होते आणि हे माझ्यासमोर उभे, कारण आता आमचाच नंबर आहे. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा माझ्या टेबलापुढे सगळ्यात पहिली उभी होती सानिया. रफीकचीच मुलगी, तेव्हा अकरावीत.

त्यानं तिला विचारलं, तिकडं काहून नाही गेली. ती म्हणाली, सर, इतका वेळ उभी राह्यली ना मी. वर्गात ती त्याला सरच म्हणायची. मग तो छान बोलला. गेलेला वेळ तुले कोणी वापस देणार आहे का, नाही ना, मग तो हिशोबात धरू नको, इथून पुढं काय भेटते तेवढंच पाहा, असं सगळं. पोरं माना डोलवत होती. सानिया मात्र हलली नाही. शांतपणे म्हणाली, "मंग तुमी काहून उभे आहा, सर?"

आलूबोंडे खाणारे चावायचे थांबले. मी टेबलामागे, हातात उलटं रजिस्टर... आयुष्यभर रंगमंचावर वावरलेला माणूस मी, पण कुठं पाहावं ते कळेना. रफीकनं शेवटचा आलूबोंडा तिच्या हातावर ठेवला आणि वर्ग सुटला म्हणाला. बाहेर व्हरांड्यात हात धुता धुता मला म्हणाला, "पोरगी बरोबर बोलली, विलासभाऊ. पण माहा आता पहिलाच नंबर आहे ना." आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकला. मला वाटलं, आता हसेल. तो बराच वेळ नळाखाली हात धरून राहिला.

त्यानंतर तो आणखी जोमानं शिकवू लागला, एवढाच फरक. बंद खोलीत माणूस जसा येरझारा घालतो तसे त्याचे नवे नवे खेळ निघत. एका वर्षी वर्गाचीच कंपनी काढली. पोरांनी भागधारक होऊन संचालक मंडळाला, म्हणजे मला, सभेत असं धारेवर धरलं की मी खरोखर राजीनामा दिला. वर्ग टाळ्या वाजवत होता. रफीक मागच्या बाकावर बसून म्हणाला, किती सोपं आहे पाहा.

तो गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. संस्थेच्या सचिवांना आम्ही बापूसाहेब म्हणतो. मनानं वाईट नाहीत. सभेत त्यांचा आवाज खरंच भरून आला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की रफीक सरांची सेवा आम्ही वाया जाऊ देणार नाही. सानिया एम.कॉम. झाली आहे, संगणकाचंही शिकली आहे. तिला वडिलांच्या जागी घेऊ. अनुदान आलं की तिचं होईल. निरोप घेऊन मी जायचं. एकाची सेवा दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असावं. ती रांगेत शेवटी उभी राहणार, माझ्याही मागे.

मी गेलो. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, खालून पाना आपटल्याचा आवाज. रफीकच्या बायकोनं, भाभींनी, चहा केला. मी निरोप सांगितला, माझ्या सवयीप्रमाणं न रंगवता, आणि सेवा चढत नाही तेही सांगितलं. भाभींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना ते नको होतं ऐकायला. त्या म्हणत राहिल्या की एवढी वर्षं त्यांनी तिथं घातली, ती अशी कशी सोडून द्यायची, पोरगी त्याच जागेवर उभी राहिली तर त्यांच्या जिवाला बरं वाटेल. सानियाला नागपुरात एका कंपनीत काम मिळालं होतं. वडील गेल्यामुळे ती अजून रुजू झाली नव्हती. बॅग भरलेली होती, पलंगाखाली अर्धी सरकवलेली. आईच्या बोलण्यानं तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला मला दिसत होता. मला वाटलं, ही हो म्हणते आता. अशा खोलीत, अशा आईसमोर, कोण नाही म्हणेल.

घरात त्या आपसात उर्दूतच बोलतात. पण त्या वेळी सानिया मराठीत बोलली, मलाही ऐकू जावं म्हणून की काय. "अम्मी, अब्बाचे वर्षं अब्बानं खर्च केले. माहे अजून माह्याजवळ आहेत."

भाभी उठल्या, आत गेल्या आणि प्रवासात खायला करायचं म्हणून कणीक मळायला बसल्या. त्यांचे हात परातीत इतक्या जोरात चालत होते की मला कपबशी खाली ठेवायचा धीर होईना.

बापूसाहेबांना मी नकार कळवला. ते जरा हिरमुसले, मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, अभिनंदन करताना घेतात तसा. म्हणाले, मग विलासराव, आता पहिला नंबर तुमचा.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गजाननानं न विचारता माझी पिशवी उचलून रफीकच्या खुर्चीवर ठेवली. आमच्याकडे बसायच्या जागासुद्धा ज्येष्ठतेनं असतात. मी बसलो. खुर्चीचा उजवा हात त्याच्या कोपरानं गुळगुळीत झालेला. खडूची बोटं तो तिथंच पुसायचा. ते पांढरं लाकडात इतकं मुरलं आहे की गजानन ओल्या फडक्यानं घासून थकला, आणि रोज माझ्या बाहीला लागून घरी येतं. बायको विचारते, आज काय नाटक केलं. सानिया नागपूरला रमली आहे. मधूनमधून फोन करते आणि शेवटी हमखास विचारते, काका, तुमी काय ठरवलं. मी तिला वर्गातला एखादा ताजा किस्सा रंगवून सांगतो, ती हसते, आणि फोन संपतो. हे मला चांगलं जमतं. बाकी खुर्ची आरामाची आहे. पंखा बरोबर डोक्यावर येतो. आणि परवाच कुणीतरी सांगत होतं, या अधिवेशनात आमचं नक्की होणार म्हणून...