सीडीवरचं कुंकू

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या भीमराजविषयी आबासाहेबांना खरं म्हणजे फारसं ठाऊक नव्हतं. खर्ड्याकडचा, कमी बोलणारा, डबा एकटाच खाणारा, एवढंच. चार वर्षं एका खोलीत बसूनही त्याच्या घरी कोण असतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

१९९८चा गळीत हंगाम तोंडावर आला होता. बेलापूरजवळच्या त्या साखर कारखान्यात कोणाचा ऊस आधी तोडायचा, ती पाळीची यादी कॉम्प्युटर काढायचा. दसऱ्यानंतर भीमराजनं त्यावर सीडीवरून लिनक्स सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली आणि यादीचा प्रोग्रॅम उघडेनाच.

शेतकी ऑफिसचे हेडक्लार्क आबासाहेब चपापले. कुठंतरी पाणी मुरतंय. यादी हातानं लिहायची वेळ आली, की कोणाची पाळी वर सरकणार? भीमराज बौद्ध, खंडेनवमीच्या पूजेला तो कधीच थांबत नसे. यंदा त्यांना तेही खटकू लागलं. 'मुद्दाम बिघाड केला' अशी तक्रार लिहून त्यांनी खिशात ठेवली. पाच वाजता ती साहेबांकडे गेली, की त्याची नोकरी गेलीच.

"काय रे, सापडलं का दुखणं?"

"प्रोग्रॅम चांगला हाय, आबासाहेब. त्याला लागनारी एक जुनी फाईल नव्या सिस्टिमीत आलीच न्हाई."

"आली नाही, का येऊ दिली नाही?"

"मला काय तिचं लोनचं घालायचंय?"

त्यानं सीडी पुन्हा घातली. ती कुरकुरून मध्येच अडली. मग खिडकीपाशी नेऊन त्यानं ती तिरपी धरली.

"हे बगा."

चकचकीत बाजूवर हळदकुंकवाचं बोट उमटलं होतं.

"त्याखालच्या फायलींची पॅकेजं वाचताच आली न्हाईत, ती गाळून काम पुढं गेलं. पडद्यावर आलं हुतं, मीच नीट वाचलं न्हाई."

आबासाहेबांनी ते बोट लगेच ओळखलं. पूजेत कीबोर्डला फूल आणि सीडीला बोट त्यांनीच लावलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल भिजवून पुढं केला.

"पुसून बघ," ते म्हणाले.

ओल्या रुमालानं त्यानं ती आतून बाहेर, हळूहळू पुसली. राहिलेली फाईल चढली आणि चार वाजता यादी छापून निघाली. तक्रार त्या रात्री चुलीत गेली.

पुढच्या वर्षी भीमराजला पुण्यात काम मिळालं. तो निघाला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

"सीड्या कपाटात हायेत, आबासाहेब."

"पूजेला काढत नाही. लक्षात आहे."

"काढा की. कुंकू तेवढं सीडीच्या डबीवर लावा."

"बरं," आबासाहेब म्हणाले.