अक्कांचा कान

शिंदखेड्यातल्या आमच्या शेजारच्या अक्का काढ्याचं माप कुणालाच सांगत नाहीत. मी एकदा चमचे विचारले, तर वेड्याकडे बघावं तसं बघितलं. काढा हवा असेल तर त्यांच्या ओट्यावर बसायचं आणि खोकायचं. "खोकी दखाड," म्हणतात आणि डोळे मिटून ऐकतात. खोकला कोरडा वाजला की ज्येष्ठमध, ओला वाजला की अडुळसा आणि सुंठ. अंदाज चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी पाच वर्षांची लेक सर्दीनं बेजार झाली, म्हणून तिला घेऊन गेले. खलबत्ता पुढ्यातच होता. लेक खोकली. अक्कांनी तिच्या पाठीला कान लावला आणि खलबत्ता बाजूला सारला.

"हाई मना काढानं काम नही शे. दवाखानामा चाल."

पदर खोचून माझ्याआधी अक्काच रिक्षात बसल्या. छातीत कफ भरलाय, वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. "मी आयकेल व्हतं," एवढंच अक्का बोलल्या.

आठवड्यानं लेक अंगणात खेळत होती. अक्का कुंपणापाशी आल्या.

"डॉक्टरनं औसद सरनं ना? आते मना नंबर. खोकी दखाड."