दारापर्यंत आलेली कादंबरी

महिन्यापूर्वी सकाळी पारोळ्याहून सुनीलचा फोन आला. "मावशी, आई गेली... चहा ठेवत होती, तिथंच खाली बसली." सुनीलची आई म्हणजे शोभाअक्का, माझी मामेबहीण. जळगावात फोन कानाशी धरून मी उभी होते आणि मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता त्या बाईचं काय होणार?

ती बाई म्हणजे अक्काच्या कादंबरीची नायिका. दाजींना, तिच्या नवऱ्याला, पक्षाघात झाला आणि अक्का घरात अडकली. धुळ्याला भाचीच्या लग्नालाही तिला येता आलं नाही. त्यांना भरवायचं, कूस बदलायची, अंग पुसायचं. मधल्या फटींत ती लिहायची. पुस्तकही मग तसंच झालं. एक प्रकरण कोर्टातली साक्ष, पुढचं जात्यावरच्या ओव्या, मग रेडिओच्या बातम्या, मग एकदम नाटकच. गोष्ट मात्र एकच, घरातून निघू बघणाऱ्या बाईची. ओव्यांत ती चौकटीपर्यंत येते, साक्षीत वकील तिला परत आत धाडतो, नाटकात उंबऱ्यावर पाय ठेवते आणि आतून हाक येते. प्रकाशकाने कळवलं, सगळं एका बाजात, सरळ लिहा. अक्का फोनवर अहिराणीत माझ्यावरच उखडली, "मना एक दिवस तरी सरळ जास का? मंग पुस्तक कसं जाई?"

दोन वर्षांपूर्वी दाजी गेले. सुटली बिचारी, असं आम्ही सगळेच हळू आवाजात म्हणालो. मी तिला जळगावात, मेहरूणला माझ्या घरी आणलं, तलावाकडची खोली दिली, म्हटलं, आता निवांत शेवट लिही. ती नुसती बसून राहिली. शेजारी कुणी खोकलं तरी दचकून उठायची. दुसऱ्याच दिवशी तिने पिशवी भरली.

"अक्का, आता तिथं कोण वाट बघतंय तुझी?"

"तेच तर... आते कोणी हाक मारत नई, तरी ती बाहेर निंघत नई."

मी तिला बसस्टँडवर सोडून आले.

शेवट तिने लिहिलाच नाही. आहे तसंच छापायचं, असं सुनीलने आणि मी ठरवलंय.

परवा पारोळ्याला गेले होते. तिच्या खोलीत दाजींची खाट अजून आहे, गादी गुंडाळलेली. लिहायचं टेबल खिडकीशी नाही, खाटेला चिकटून. मी तिच्या खुर्चीत बसले. उजवा हात टेबलावर टेकला... आणि डाव्याला दुसरी जागाच नव्हती, तो खाटेवर गेला. तिथली लाकडी कड हात लागून लागून गुळगुळीत झाली होती.